पडदा गुलाबी का होतो?

(द्वितीय वर्ष, कला)

घरातले माणूस आजारी पडले की आपण आधी अंगाला हात लावून पाहतो, जीभ पाहतो, काय दुखते ते विचारतो आणि मग औषधाकडे वळतो. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र आपण एकदम शेवटच्या निर्णयावर जातो. पडदा काळा पडला किंवा गुलाबी दिसू लागला की ‘मॉनिटर गेला’ असे घरात जाहीर होते, आणि दोन दिवसांत तो भंगारवाल्याच्या गाडीवर चढतो. पुष्कळदा प्रत्यक्षात गेलेली असते ती केसाइतकी बारीक एक तार.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीपर्यंतचाच. पण घाटकोपरला असल्फ्यात माझे मामा टीव्ही आणि मॉनिटर दुरुस्त करतात. सुट्टीच्या दिवसांत त्यांच्या टेबलाशेजारी बसून जे समजले, आणि नंतर वाचून जे पडताळून पाहिले, ते येथे क्रमाने मांडते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. मामांची शाळा आठवीत सुटली. तरी पडद्याचा रंग पाहून कोणती तार तुटली हे ते जसे सांगतात, तसे सांगायला मला बराच अभ्यास करावा लागला.

ही केबल आली कोठून?

मॉनिटरच्या मागे निळ्या रंगाचे, दोन स्क्रूंनी आवळायचे जे टोक असते त्याला व्हीजीए कनेक्टर म्हणतात. आय.बी.एम. कंपनीने १९८७ साली आपल्या पीएस/२ या संगणकांबरोबर ही पद्धत आणली. कनेक्टरचा आकार मात्र त्याहून जुना आहे. इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखी एक बाजू रुंद आणि दुसरी अरुंद अशी ही घडण कॅनन या अमेरिकन कंपनीने १९५२ साली काढली. एक बाजू अरुंद असल्यामुळे टोक उलटे बसतच नाही. जोर लावून उलटे बसवू पाहणाऱ्याच्या हातून पिना वाकतात, तो भाग वेगळा!

पुढे १९९९ मध्ये डीव्हीआय, २००२ मध्ये एचडीएमआय आणि २००६ मध्ये डिस्प्लेपोर्ट या नव्या पद्धती आल्या. नव्या मॉनिटरांवर व्हीजीएची जागा आता कमी होत चालली आहे. पण आपल्यापैकी अनेकांच्या घरी नवा मॉनिटर असतो कोठे? कचेऱ्यांनी काढून टाकलेले मॉनिटर लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे ग्रँट रोडजवळच्या डॉ. भडकमकर मार्गावर, आणि उपनगरांतल्या लहान दुकानांत विकायला येतात, आणि तेथून ते चाळीत, वस्तीत, कोचिंग क्लासच्या खोलीत पोहोचतात. या जुन्या मॉनिटरांची नाळ म्हणजे ही निळ्या टोकाची केबल. म्हणून तिच्याविषयी माहिती असणे आपल्याला उपयोगाचे आहे.

पंधरा पिनांचे काम

कनेक्टरमध्ये पाच-पाचच्या तीन ओळींत पंधरा पिना असतात. सर्व पिनांचे काम सारखे नसते. १, २ आणि ३ या पिना अनुक्रमे लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग वाहून नेतात. ६, ७ आणि ८ या त्या रंगांच्या परतीच्या तारा. १३ आणि १४ या पिनांवरून चित्राची शिस्त राखणारे इशारे जातात. नवी आडवी ओळ कधी सुरू करायची हे १३ सांगते, आणि नवे चित्र वरून कधी सुरू करायचे हे १४ सांगते. १२ आणि १५ या दोन पिनांवरून मॉनिटर संगणकाला आपली ओळख करून देतो, म्हणजे आपण किती रुंद आहोत आणि किती बारीक चित्र दाखवू शकतो ते कळवतो. ५ आणि १० या जमिनीच्या, म्हणजे ‘ग्राउंड’च्या पिना. ९ क्रमांकाची पिन पुष्कळ केबलींत मुळातच बसवलेली नसते. ती दिसली नाही म्हणजे तुटली असे समजू नये.

रंगाच्या तारेतून रंग जातो तो विजेच्या दाबाच्या रूपाने. दाब शून्य असेल तर तो रंग विझलेला आणि ०.७ व्होल्ट असेल तर पूर्ण उजळलेला. मधल्या सर्व छटा या दोन टोकांच्या मध्ये. टॉर्चमधला एक साधा सेलही दीड व्होल्टचा असतो. म्हणजे त्याच्या निम्म्याहूनही कमी दाबावर सारे चित्र उभे असते. व्हीजीएच्या मूळ पद्धतीत दर सेकंदाला सुमारे ६० चित्रे आणि ३१ हजारांहून अधिक ओळी रेखाटल्या जातात. एवढ्या नाजूक आणि वेगवान कामात जोड किंचित सैल झाला तरी पडद्यावर लगेच दिसते.

रंगच बिघाड सांगतो

चित्रकलेच्या तासाला आपण शिकलो की पिवळा आणि निळा मिळून हिरवा होतो. ते झाले रंगाच्या वड्यांचे. प्रकाशाचा हिशेब वेगळा आहे. लाल, हिरवा आणि निळा प्रकाश एकत्र आला की पांढरा होतो, आणि लाल व हिरवा एवढेच मिळाले तर पिवळा. हा हिशेब एकदा ध्यानात आला की पडद्याकडे पाहून तुटलेली तार ओळखता येते. त्यासाठी पडद्यावर एखादे कोरे पांढरे पान उघडावे आणि ते कसे दिसते ते पाहावे.

पान पिवळे दिसले, तर निळा रंग पोहोचत नाही. ३ क्रमांकाची पिन पाहावी.

पान गुलाबी-जांभळे दिसले, तर हिरवा रंग पोहोचत नाही. २ क्रमांकाची पिन पाहावी.

पान निळसर-हिरवट, मोरपिसाच्या छटेचे दिसले, तर लाल रंग पोहोचत नाही. १ क्रमांकाची पिन पाहावी.

चित्र तिरपे फाटले, वर-खाली धावू लागले, किंवा मॉनिटरने ‘सिग्नल नाही’ अशी पाटी दाखवली, तर १३ किंवा १४ वर संशय घ्यावा.

रंग ठीक पण अक्षरे अवाढव्य किंवा ताणलेली दिसत असतील, आणि संगणक मॉनिटरला ओळखत नसेल, तर १२ किंवा १५ ची तार गेली असण्याचा संभव असतो.

अक्षरांच्या उजव्या अंगाला पुसट सावली दिसत असेल, तर केबल हलक्या प्रतीची किंवा फार लांब आहे असे समजावे. रंगांच्या तारा ७५ ओहमच्या असाव्या लागतात. जोड जुळणारा नसेल तर डोंगरावरून हाक परत यावी तसा इशारा मागे फिरतो आणि क्षणभर उशिरा पुन्हा पडद्यावर उमटतो. ती ही सावली.

आता सर्वांत महत्त्वाची खूण सांगते. मॉनिटरच्या कडेला बटणे असतात. ती दाबली की प्रकाश कमी-जास्त करण्याची एक लहान पाटी पडद्यावर येते. ही पाटी मॉनिटर स्वतः तयार करतो. ती केबलमधून येत नाही. बाकी चित्र गुलाबी आणि ही पाटी मात्र तिच्या नेहमीच्या रंगांत असेल, तर पडदा धडधाकट आहे आणि दोष बहुधा केबलमध्ये किंवा तिच्या दोन टोकांच्या जोडांत आहे. उलट पाटीही रंग बदललेली दिसली, तर बिघाड मॉनिटरच्या पोटात आहे. पैसा खर्च न करता, एकही स्क्रू न उघडता ही परीक्षा कोणालाही करता येते.

या परीक्षेचे मोल मी एकदा पाहिले आहे. गेल्या वर्षी एक बाई आपल्या मुलीबरोबर मामांकडे आल्या. मुलगी बारावीची. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. लागणारे सारे दाखले तिने घरच्या कॉम्प्युटरमध्ये गोळा करून ठेवले होते, आणि नेमका पडदा गेला. चित्र जांभळे होऊन मधूनमधून नाहीसे होई. एका दुकानात त्यांना सांगितले होते, की पडदा संपला, नवा घ्या. त्या बाई दोन घरी स्वयंपाक करतात. नवा मॉनिटर म्हणजे त्यांचा जवळजवळ महिन्याचा पगार. मामांनी मॉनिटर लावला, बटण दाबले आणि पाटी मुलीला दाखवून म्हणाले, “ही बघ बाळा, पांढरी ती पांढरीच आहे. पडद्याला काही झालेलं नाही.” केबल मॉनिटरलाच जोडलेली होती, म्हणून बदलता येण्यासारखी नव्हती. टोक कापून नवा कनेक्टर लावायला तासाभराहून थोडा अधिक वेळ लागला. मुलगी घरी गेली आणि त्याच रात्री तिने अर्ज भरला. मुदत चुकली असती तर त्या वर्षीची शिष्यवृत्ती गेली असती. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या आपल्यासारख्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

आपल्या घरांत केबल का तुटते?

कचेरीत मॉनिटर एकदा टेबलावर ठेवला की वर्षानुवर्षे तेथेच असतो. आपल्या घरांत तसे नसते. दहा बाय बाराच्या खोलीत दिवसा जो अभ्यासाचा कोपरा असतो तोच रात्री झोपायचा. मॉनिटर रोज उचलून कपाटावर किंवा फ्रिजवर जातो आणि सकाळी खाली येतो. प्रत्येक वेळी केबल एकाच ठिकाणी वाकते, ते ठिकाण म्हणजे कनेक्टरची मान. लोखंडी तार हाताने पुनःपुन्हा वाकवली की तुटते. तांब्याच्या बारीक तारांचेही तेच. वरचे रबर शाबूत दिसते आणि आत तार तुटलेली असते. म्हणूनच ‘केबल हलवली की चित्र येते’ ही तक्रार इतकी सर्रास ऐकू येते.

दुसरे कारण आपली हवा. मुंबई समुद्राकाठी, त्यात चार महिने पाऊस. दमट, खारट हवेने पिनांवर गंजासारखा थर चढतो आणि वीज नीट जात नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवसासारखे पाणी घरात शिरले तर गोष्टच वेगळी. पण पाणी न शिरताही नुसत्या ओलाव्याने जोड खराब होतात. तिसरे कारण उंदीर. त्याविषयी अधिक लिहायला नको!

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी

संगणक आणि मॉनिटर दोन्हींचे प्लग भिंतीतून काढावेत. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. पुष्कळ जुन्या घरांत अर्थिंग नीट नसते आणि संगणकाच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. अशा वेळी चालू यंत्राची केबल ओढणे माणसालाही वाईट आणि यंत्रालाही.

मग दोन्ही टोके काढून उजेडात पाहावीत. पिना काळ्या पडल्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ ब्रशाने पुसाव्यात. कारागीर त्याला नुसते ‘आयपीए’ म्हणतात. रॉकेल वापरू नये, त्याचा तेलकट थर मागे राहतो. पॉलिश पेपरने घासूही नये, कारण पिनांवरचा बारीक मुलामा निघून जातो आणि पुढे त्या अधिक लवकर गंजतात. पुसून पूर्ण वाळल्यावर टोक सरळ बसवावे आणि दोन्ही स्क्रू हाताने आवळावेत. अनेक दुखणी येथेच संपतात. पुष्कळ घरांत हे स्क्रू कधी लावलेलेच नसतात आणि केबलचे सारे वजन पिनांवर लोंबत असते.

पिन वाकली असेल तर अणकुचीदार चिमट्याने ती हळूहळू, एकाच दमात नव्हे तर थोडी थोडी, सरळ करावी. जेवढी कमी वेळा हलवाल तेवढी ती टिकेल. मोडलेली पिन मात्र परत जोडता येत नाही. तेथे कनेक्टरच बदलावा लागतो.

केबलची दोन्ही टोके सुटी होत असतील तर शेजाऱ्याची चांगली केबल लावून पाहावी. चित्र सुधारले तर डाग देत बसू नये, नवी केबल आणावी. ती शे-दीडशे रुपयांत मिळते. सोल्डरिंगची मेहनत उपयोगाची ठरते ती केबल मॉनिटरलाच कायमची जोडलेली असते तेव्हा. जुन्या मॉनिटरांत असे पुष्कळदा आढळते.

कल्हईवाला आणि सोल्डर

बाजारातून पंधरा पिनांचा, सोल्डर करायचा व्हीजीए मेल कनेक्टर आणि त्याचे झाकण आणावे. जुने टोक कापण्याआधी करायचे एक काम आहे: कोणत्या रंगाची तार कोणत्या पिनेला जाते त्याचा तक्ता. लाल, हिरव्या आणि निळ्या जाड तारा बहुधा त्याच रंगांच्या असतात. पण बाकीच्या बारीक तारांचे रंग कंपनीगणिक बदलतात. म्हणून मानेपासून थोडे मागे रबर सोलून, तारांना मल्टिमीटरचे एक टोक आणि पिनेला दुसरे टोक लावून पाहावे. ‘पीं’ असा आवाज आला की जोड सलग आहे. आवाज मधूनमधून येतो ती आजारी तार. जिचा आवाज कोठेच येत नाही ती तुटलेली. तिची जागा उरलेल्या पिनांवरून कळते. तक्ता कागदावर लिहून समोर ठेवावा, डोक्यात ठेवू नये.

नंतर टोक कापावे आणि केबल आधी झाकणातून ओवून घ्यावी; सर्व तारा जोडल्यावर झाकण आत जात नाही. प्रत्येक तारेचे तीन-चार मिलिमीटर टोक सोलून पीळ द्यावा.

येथून पुढचे काम आपल्या आजीने पाहिलेल्या कल्हईच्या जवळचे आहे. कल्हईवाला तांब्या-पितळेचे भांडे तापवतो, नवसागर टाकतो आणि कथील फिरवतो. नवसागराने धातूवरची काजळी निघते आणि कथील चिकटते. सोल्डरमध्येही कथीलच असते, जोडीला शिसे. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे यांचे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळते. फरक एवढाच, की तारेसाठी नवसागर चालत नाही. तो मागे राहिला तर बारीक तांबे खाऊन टाकतो. त्याच्या जागी राळ वापरतात. बाजारी सोल्डरच्या तारेत ती पोटात भरलेलीच असते.

पंचवीस वॅटची सोल्डरिंग आयर्न पुरते. आधी तारेच्या टोकाला सोल्डरचा पातळ हात द्यावा, मग पिनेच्या मागच्या खोबणीत थोडे सोल्डर भरावे आणि दोन्ही एकत्र तापवून जोडावे. नियम असा, की आयर्नने जोड तापवायचा आणि जोडाने सोल्डर वितळवायचे. आयर्नवर थेंब घेऊन तो वरून टेकवला तर जोड वरवर दिसतो आणि आतून सुटा राहतो. कारागीर त्याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. चांगला जोड चकचकीत आणि गुळगुळीत दिसतो, कच्चा जोड मळकट गोळ्यासारखा. सोल्डर गोठेपर्यंत हात हलू देऊ नये. मधली ओळ आधी जोडावी. बाहेरच्या ओळी झाल्यावर आत आयर्न पोहोचत नाही.

शेवटी पुन्हा मल्टिमीटर. प्रत्येक पिन तक्त्याप्रमाणे आहे ना, आणि शेजारच्या दोन पिना एकमेकींना चिकटल्या नाहीत ना, हे पाहिल्याशिवाय वीज लावू नये. काम करताना खिडकी उघडी असावी, राळेचा धूर छातीत जाऊ नये. सोल्डरमध्ये शिसे असते, म्हणून नंतर हात साबणाने धुवावेत.

कोठे थांबावे?

केबलपर्यंतचे काम शिकून करता येते. मॉनिटरची मागची बाजू उघडणे हे मात्र आपले काम नव्हे. पेटीसारखे जुने मॉनिटर असतात त्यांच्या काचेच्या नळीला पंचवीस हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो आणि प्लग काढल्यानंतरही तो आत साठून राहू शकतो. सपाट मॉनिटरही निर्धोक नसतात. दोष आतल्या बोर्डावर आहे असे दिसले तर जाणत्या माणसाकडेच जावे.

एचडीएमआयचेही असेच. त्यात १९ पिना अगदी दाटीने बसवलेल्या असतात. तारांवरून जाणारा इशारा आकड्यांचा असल्यामुळे व्हीजीएसारखा एक रंग हळूच नाहीसा होत नाही. चित्रात ठिपके चमकू लागतात, पडदा क्षणभर काळा होतो किंवा चित्र येतच नाही. ही केबल घरी जोडण्याच्या भरीस पडू नये, बदलावी. जोडताना आणि काढताना ती सरळ धरावी. हिसका बसला तर बोर्डावरचे सॉकेटच उखडते, आणि ती दुरुस्ती महाग असते.

शेवटी एवढेच

जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसे असते आणि पुष्कळ सपाट मॉनिटरांच्या दिव्यांत पारा असतो. अशा वस्तूंची विल्हेवाट कशी लावावी याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून देशात लागू झाले आहेत. खरोखर संपलेला मॉनिटर अधिकृत जमा करणाऱ्याकडेच द्यावा. पण एका तारेसाठी जिवंत मॉनिटर भंगारात काढणे म्हणजे पैशाचे नुकसान आणि वर हे विष आपल्याच वस्तीच्या उकिरड्यावर आणून टाकणे.

‘कला शाखेच्या मुलीला हे कशाला हवे?’ असे मला विचारले गेले आहे. मला वाटते, दुकानदार ‘नवा घ्या’ म्हणतो तेव्हा आपण मान डोलावतो ती पैसे असतात म्हणून नव्हे, काय विचारावे हे ठाऊक नसते म्हणून. ‘मॉनिटरची स्वतःची पाटी कशी दिसते?’ एवढा एक प्रश्न विचारता आला तरी पुढचे बोलणे बदलते. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, घरचा पडदा कधी गुलाबी झाला तर घाबरू नका. आधी कडेचे बटण दाबा आणि पाटीचा रंग पाहा.